डोंग्याला फाळका

फायबरची बोट कशानं कापतात, हा प्रश्न अरविंद कळंबे सरांना आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला तो एका रविवारी सकाळी, सासुरवाडीच्या नळाजवळ, तोंडात ब्रश असताना. विचारणारा त्यांचा मेहुणा हेमराज. त्याच्या एका हातात संत्र्याच्या फांद्या छाटायची आरी होती, दुसऱ्या हातात चहाचा कप.

"भाऊजी, तुमी सायन्सचे मास्तर. हे आरी चालन का?"

"कशाला?"

"डोंग्याले."

सरांनी चूळ भरली, नळ बंद केला आणि तोंड पुसण्यात जमेल तेवढा वेळ घालवला. सौंसरच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून त्यांना एवढं कळलं होतं की काही प्रश्नांना जरा थांबवून ठेवलं तर ते आपोआप निघून जातात. हा गेला नाही.

"डोंग्याले दार पाडाचं हाये," हेमराज म्हणाला. "मायसाठी."

सर यावर "बरं" एवढंच म्हणाले. सोमवार सकाळपर्यंत कशालाही नाही म्हणायचं नाही, असं त्यांनी गाडीत बसतानाच ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. सरांच्या सासूबाई पंचफुलाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि त्यांचे दोन्ही गुडघे पार कामातून गेलेले. नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. पहिली तारीख नेमकी पोळ्याच्या आठवड्यात आली आणि हुकली. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी बाई मारुतीच्या दर्शनाला म्हणून जामसांवलीला गेल्या आणि तिथल्या चुलत नणंदेकडे चार दिवस राहून, तारीख नीट शिळी झाल्यावर परत आल्या. तिसरी तारीख उद्याची, सोमवारची, सकाळी दहाची. दवाखान्यातल्या मुलीनं फोनवर अतिशय गोड आवाजात सांगून ठेवलं होतं की या वेळी आला नाहीत तर कृपया दुसरा दवाखाना बघा. सरांची बायको विजया तो फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. आई मोरीतून उठताना भिंतीला धरून अर्धा मिनिट उभी राहते, ते तिला बघवत नव्हतं. सरांनाही बघवत नव्हतं. त्यांनी चार दिवसांची रजा घेतली होती, सहामाहीचे पेपर आधीच तपासून दिले होते, आणि आता त्यांना जगाकडून एकच गोष्ट हवी होती: सोमवारी सकाळी सहाला सासूबाईंनी गाडीत बसावं.

सासूबाई बसणारही होत्या. पण त्यांची एक अट होती.

महिन्याभरापूर्वी हेमराजनं शेततळ्यातल्या मासोळ्यांना खाद्य टाकायला म्हणून एका बंद पडलेल्या तलावावरची जुनी फायबरची बोट आणली. निळी, चार माणसांची, चारी बाजूंनी मांडीएवढी उंच. बोरगावच्या शिवारात बोट येणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. लोक ट्रॅक्टर थांबवून पाहून गेले. पंचफुलाबाईही काठी टेकत टेकत तळ्यावर आल्या, बोटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी पोटच्या पोरांनीही कधी ऐकली नव्हती. त्या सात-आठ वर्षांच्या असताना कन्हान नदीला पाणी होतं आणि पलीकडच्या गावी मामाचं लग्न होतं. सगळ्या बहिणी डोंग्यात बसून गेल्या. जागा उरली नाही म्हणून हिला एकटीला आत्याजवळ काठावर ठेवलं.

"सत्तर वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "एकदा मले डोंग्यात बसवा. मंग कुठंबी न्या, कापा, शिवा. मी हूं का चूं करनार नाही."

यात अवघड काय आहे, असं शनिवारी दुपारपर्यंत सगळ्यांनाच वाटत होतं. शनिवारी दुपारी खताच्या पोत्यांच्या पायऱ्या केल्या. बाई पोत्यावर चढल्या, बोटीच्या आत डोकावल्या, एक पाय उचलून पाहिला आणि तो टेकवून खाली उतरल्या. "हे तं विहिरीत उतरल्यावानी हाये," त्या म्हणाल्या. हेमराज म्हणाला, "माय, मी उचलून ठेवतो." त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. "मेल्यावर उचलजो," त्या म्हणाल्या.

मग रात्री, सर जेवून झोपल्यावर, मागच्या पंगतीत हेमराजची बायको पूनम सहज म्हणून गेली, "डोंग्याले दार काऊन नसते हो?" आणि सगळी पंगत विचारात पडली. खरंच, का नसतं? घराला असतं, मोटारीला असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तर मागे चांगला रुंद फाळका असतो, तो खाली पाडला की म्हातारं माणूससुद्धा आरामात चढून बसतं. हेमराजच्या डोळ्यांपुढे ट्रॉलीचा फाळका आला आणि तिथून तो हललाच नाही. एका बाजूला दार, ते सुद्धा अगदी खालपर्यंत, म्हणजे मायला वीतभरच पाय उचलावा लागेल. बिजागऱ्या, कडी, बस. इथं सगळे कापसाचे आणि संत्र्याचे लोक. ट्रॉली, बंडी, ट्रक यांचं त्यांना जे कळत नाही ते कोणालाच कळत नाही. प्रश्न राहिला फक्त एकच, फायबर कापायचं कशानं. त्या एका प्रश्नामागं सगळं घर असं काही लागलं की दुसरा कुठला प्रश्न असू शकतो याची कोणाला आठवणच राहिली नाही.

सर तळ्यावर पोचले तेव्हा त्यांच्यासाठी मोटरच्या खोलीजवळ, संत्र्याच्या झाडाखाली, प्लास्टिकची खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. खुर्चीशेजारी स्टूल, स्टुलावर चिवड्याची बशी. तेवीस वर्षं झाली लग्नाला, पण या घरात जावयानं कधी पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं उचललेला नव्हता. सर एकदा नुसते पाहुण्यांना पानं मांडायला उठले, तर पंचफुलाबाई दोन दिवस विजयाशी बोलल्या नव्हत्या. जावयानं बसायचं, खायचं, आणि विचारलं तर सांगायचं. सांगितलेलं ऐकायचंच, असं मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

"आरी चालणार नाही," सरांनी सांगितलं. "फायबरमध्ये काचेचे धागे असतात. दात मरतील तिचे."

"पाहून तं घेऊ," हेमराज म्हणाला.

पाहून घेतलं. आरी दोन बोटं आत गेली आणि मग नुसती घसरू लागली. हेमराजनं दातांवरून अंगठा फिरवला. काल ज्या आरीनं मनगटाएवढी फांदी कापली होती, तिनं आता काकडीही कापली नसती.

"मंग हेक्सा," हेमराज म्हणाला.

हेक्सा म्हणजे लोखंड कापायचं हातातलं पातं. ते निघालं, दिवाळीच्या जुन्या माळांच्या डब्यात. या पात्यानं काम जरा बरं केलं. वरून खाली सरळ रेघ निम्म्यापर्यंत आली आणि मग पात्याची चौकट बोटीच्या कडेला अडकली, कारण चौकट जेवढी खोल तेवढंच पातं जाणार. हेमराजनं चौकट काढून नुसतं पातं फडक्यात धरून चालवलं. पातं मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. तोपर्यंत साडेनऊ वाजले होते आणि सरांचा तिसरा चहा झाला होता.

"भाऊजी, तुमी काई म्हना, हे काम मशीनचं हाये," असं म्हणत हेमराजनं फोन काढला. सरांनी काहीच म्हटलेलं नव्हतं.

गुणवंता वेल्डर मोटारसायकलवर ग्राइंडर बांधून आला. त्याचं सगळं आयुष्य लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या ग्रिल करण्यात गेलं होतं. त्यानं बोटीभोवती एक फेरी मारली, बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे का हाये? डबडं हाये. पाच मिनटात मोकळं करतो."

"डिस्क कोणती लावता?" सरांनी खुर्चीतूनच विचारलं.

"लोखंडाची. दुसरी कोनती राहते?"

"ती गरम होईल. याच्यात राळ असते, ती वितळून चिकटेल."

"सर," गुणवंता समजुतीच्या सुरात म्हणाला, "आपला नवा जिल्हा झाला तवा कलेक्टर ऑफिसचं गेट मीच कापलं हाये."

सरांनी चिवड्याची बशी जवळ ओढली. गुणवंतानं ग्राइंडर लावला. आधी काळा धूर निघाला, मग असा वास सुटला की तळ्यापलीकडची बकरी उठून दुसऱ्या शेतात गेली. कापलेली फट मागून पुन्हा चिकटत होती, म्हणजे गुणवंता पुढे जात होता आणि काम मागे राहत होतं. पूनम घरून पदर नाकाला लावून धावत आली आणि तिनं विचारलं की काय जळून राहिलं. मग डिस्क फाटली, तिचा तुकडा सरांच्या चिवड्यात पडला, आणि गुणवंतानं मशीन बंद करून ठेवलं.

"माल खराब हाये," त्यानं निकाल दिला.

"माल बरोबर आहे," सर म्हणाले. ते थकून गेले होते, पण आता त्यांना या विषयात गोडी वाटू लागली होती, हेही खरं. "याला हिऱ्याची धार असलेलं पातं लागतं. फरशी कापतात ते. मार्बल कटर. आणि कापताना वरून पाणी सोडत राहायचं, म्हणजे गरमही होणार नाही आणि धूळही उडणार नाही. आणि कोपऱ्यात आधी ड्रिलनं गोल भोक पाडा. नाहीतर चौकोनाच्या कोपऱ्यातून तडा जातो."

एवढं लांब वाक्य सासुरवाडीत त्यांना पूर्ण बोलू दिल्याची ही पहिलीच वेळ. हेमराज त्यांच्याकडे आदरानं पाहू लागला. गुणवंतासुद्धा म्हणाला, "बराबर हाये. मीबी तेच म्हनून राहिलो होतो."

आता मार्बल कटर आणि फायबर जाणणारा हात, दोन्ही एकत्र हवे होते. ते मिळाले बोरगावच्या कारखान्यांच्या भागात, हेमंतकडे. हेमंत फायबरच्या कूलरची बॉडी बनवायचा. उन्हाळ्यात त्याला जेवायला सवड नसे आणि नोव्हेंबरात तो नुसता बसून असे, त्यामुळे फोन ठेवतो न ठेवतो तोच तो टेम्पो घेऊन हजर झाला. त्याच्याजवळ कटर होता, जाळीचा मास्क होता, रबराची पट्टी होती, फटी बुजवायची लांबी होती. त्यानं बोटीच्या कडेची जाडी मोजली, खडूनं रेघ मारली, कोपऱ्यात भोकं पाडली. सर नकळत खुर्ची पुढे सरकवून बसले. जाणकार माणसाचं काम बघण्यात जो आनंद असतो तो त्यांना बऱ्याच दिवसांनी मिळत होता.

"आम्ही कूलरले खिडक्या पाडतो ना सर, तसंच हे," हेमंत म्हणाला. "जाळी लावू का मंग याले?"

"नाही, जाळी नको," सर म्हणाले.

हेमराजनं तांब्यानं पाणी सोडलं, हेमंतनं कटर चालवला, आणि फायबर असं सरळ, असं गुळगुळीत कापलं गेलं की गुणवंतानं मान वळवली. फक्त एक झालं. पाणी सोडता सोडता हेमराज फोनवर बोलायला लागला, त्या दोन मिनिटांत कोरडी धूळ उडाली, आणि वारा नेमका घराकडे होता. पंधरा मिनिटांनी हेमराज खाजवू लागला. मग गुणवंता. मग वाळत घातलेले कपडे घडी करून ठेवणारी पूनम. मग त्या कपड्यांतला टॉवेल वापरणारी विजया. काचेचे ते धागे डोळ्यांना दिसत नव्हते आणि अंगाला सोडत नव्हते. धुतलं की आणखी आत जात होते. दुपारी जेवायला बसलेलं ते कुटुंब एका हातानं भाकरी मोडत होतं आणि दुसऱ्या हातानं पाठ शोधत होतं.

"माय, झालं न आता तुह्या मनासारखं?" विजया दंड खाजवत म्हणाली. "उद्या सहाला निघाचं हाये. आता बहाना नाही."

"मी कायले बहाना करू?" पंचफुलाबाई म्हणाल्या. त्या एकट्याच खाजवत नव्हत्या, कारण त्या आतल्या खोलीत लुगडी काढून बघत बसल्या होत्या. डोंग्यात बसायला कोणतं नेसावं, हे सकाळपासून ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी हिरवं काढलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा चेहरा सात-आठ वर्षांच्या मुलीसारखा झालेला पाहून विजयाचा राग आपोआप विरघळला, आणि सरांनाही गलबलून आलं. काही का होईना, आज ही बाई डोंग्यात बसेल आणि उद्या गाडीत.

खरं सांगायचं तर त्याच वेळी, वरणभात कालवताना, सरांच्या मनात काहीतरी आलं होतं. पुसटसंच. चार माणसं बसल्यावर बोट खाली किती जाईल, आणि ते दार किती खालपर्यंत आहे, असं काहीसं. पण तेवढ्यात पूनमनं "भाऊजी, लाजू नोका" म्हणत आणखी भात वाढला. आणि हे आता बोलायचं म्हणजे पुन्हा चर्चा, पुन्हा फोन, पुन्हा कोणीतरी मोटारसायकलवरून काहीतरी बांधून आणणार. सकाळपासून पाच चहा पिऊन, चार अवजारांचा न्याय करून सर इतके दमले होते की त्यांनी तो विचार भाताबरोबर गिळला. शिवाय हेमंतनं रबर लावलं होतं, फटी लांबी भरून बुजवल्या होत्या, पितळी कडी बसवली होती. तो पाहुण्यासारखा संकोचून विचारत होता, "सर, बराबर झालं ना?" आणि सरांनी त्या दाराच्या कडेवरून हात फिरवून मनापासून म्हटलं होतं, "फार सुंदर कापलंत." सुंदर कापलं होतंच.

चार वाजता बोट पाण्यात सोडली. रिकामी. ती डुलत डुलत उभी राहिली, दाराचा उंबरठा पाण्याच्या चार बोटं वर, आत थेंब नाही. काठावर तोपर्यंत तीस-चाळीस माणसं जमली होती. टाळ्या पडल्या. हेमराजनं नारळ फोडला. गुणवंता शेजारच्याला सांगत होता, "पहिला कट मीच मारला."

शेततळ्याला खाली प्लास्टिकची पन्नी असते, ती शेवाळानं निसरडी होते, म्हणून काठावर पोती अंथरली होती. हेमराज कमरेएवढ्या पाण्यात उतरून बोट धरून उभा राहिला. दार उघडलं. हिरवं लुगडं नेसलेल्या पंचफुलाबाई पोत्यांवरून आल्या, त्यांनी दाराला हात लावून नमस्कार केला, वीतभर पाय उचलला, आणि आत जाऊन फळीवर बसल्या. एवढंच. सत्तर वर्षांचं काम अर्ध्या मिनिटात झालं. विजयानं डोळे पुसले.

"जवाईबापू, या," आतून आवाज आला.

"मी कशाला आई? तुम्ही फिरून या."

"तुमी बसान तंच डोंगा हालन. मी एकटी नाही बसत."

जावई म्हटल्यावर मानानं आधी बसणार. मग विजया बसली, कारण आईला धरायला कोणीतरी हवं. मग पूनम बसली, कारण दाराची कल्पना मूळ तिची. हेमराजनं दार लावलं, कडी घातली, आणि बोट हलकेच तळ्याकडे वळवून ढकलली. वळवल्यामुळे दार तळ्याच्या बाजूला गेलं आणि बंद बाजू काठाकडे आली.

बोट चार-पाच हात गेली असेल. पंचफुलाबाईंनी हात लांब करून पाण्याला बोटं लावली. "थंड हाये गं," त्या हळूच म्हणाल्या. सरांनी सुखानं श्वास सोडला, खाली पाहिलं, आणि त्यांना उंबरठा दिसला नाही. दरवर्षी जुलै महिन्यात ते फळ्यावर एक बोट काढत. तिच्यातून आडवी एक रेघ काढत, आणि मुलांना सांगत की वजन वाढलं की ही रेघ वर वर जाते. एकतीस जुलै झाले. एकाही बोटीला त्यांनी दार काढलं नव्हतं.

"हेमराज," सर शांतपणे म्हणाले, "बोट काठाला घे."

"काऊन भाऊजी? आत्ताच तं निंगाले."

रबर कूलरचं होतं. कूलरच्या खिडकीवर जास्तीत जास्त वारा येऊन आदळतो. आधी कोपऱ्यातून एक बारीक धार आली, मग दोन. पूनमनं पदराचं टोक फटीत कोंबलं. बोट त्या बाजूला कलली, कलल्यावर दार आणखी खाली गेलं, आणि मग कडीचे स्क्रू बाहेर आले आणि हेमंतनं इतक्या प्रेमानं बसवलेला तो फाळका ट्रॉलीच्या फाळक्यासारखाच, पण आतल्या बाजूला, धाडकन पडला. शेततळं बोटीत येऊ लागलं.

काठावर जो गलका झाला तो बोरगावपर्यंत ऐकू गेला म्हणतात. "बुडाले, बुडाले!" "दोर टाका!" "मास्तर, उडी मारा!" हेमराज "माय, थांब, मी उचलतो!" असं ओरडत पाण्यातून धावायचा प्रयत्न करत होता. त्याला माय दिसत होती, पण ती थांबलेली नव्हती. पाणी पोटऱ्यांना लागताच पंचफुलाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, उजवा पाय फळीवर दिला, डावा पाय मांडीएवढ्या उंच बंद बाजूवरून सरळ पलीकडे टाकला, मग दुसराही टाकला, पुढे आलेले हेमराजचे दोन्ही हात "हात नोको लावू!" म्हणून झटकले, आणि कमरेएवढ्या पाण्यातून झपाझपा चालत पोत्यांवरून काठावर जाऊन उभ्या राहिल्या. काठी पाण्यावर तरंगत होती.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. पंचफुलाबाईंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. एक वाकवून पाहिला, मग दुसरा. चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग एक फार मोठा निर्णय.

"विजे," त्या म्हणाल्या. "पाह्यलं का?"

"माय, नाही!" विजया बोटीतून ओरडली. बोट आता तळाला टेकली होती आणि ती, पूनम आणि सर छातीपर्यंत पाण्यात फळ्यांवर बसल्यासारखे दिसत होते. "अवं, ते भेवानं झालं! माय, उद्याची तारीख हाये!"

"इतके लोक साक्षीले हायेत," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ज्या बाईले उडी माराले येते तिचे गुडघे कायले कापता? त्या डाक्टरले सांगून दे, मारुतीनं केलं ऑपरेशन."

लोकांनी हात जोडले. हेमराज आईच्या पायाशी बसून गुडघ्यांवरून टॉवेल फिरवू लागला. पूनम उतरून त्यांच्यासाठी कोरडं लुगडं आणायला धावली. विजया पाण्यातच उभी राहून रडत होती, आणि मध्येच, धूळ अजून गेली नसल्यामुळे, खाजवत होती.

सर तसेच बसून राहिले. त्यांना राग आलेला नव्हता. त्यांना फार दमल्यासारखं वाटत होतं, आणि पाणी थंड होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. दोन वर्षं, तीन तारखा, चार दिवसांची रजा, सगळं एका फाळक्यातून वाहून गेलं. पाच मिनिटांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की जावई तळ्यातच राहिले. "जवाईबापूले काढा रे!" असा हुकूम सुटला. पण सर म्हणाले, "राहू द्या, मी येतो," आणि ते सभ्य माणसासारखे दारातून बाहेर पडले. त्या दिवशी त्या दारातून बाहेर पडणारे ते एकटेच. बाहेर पोतं नव्हतं, नुसती पन्नी होती. पाय घसरला तो एकीकडे गेला, शरीर दुसरीकडे गेलं, आणि उजव्या गुडघ्यातून असा आवाज आला की तो काठावर गुणवंतालाही ऐकू आला.

सोमवारी सकाळी बरोबर सहाला गाडी निघाली. मागच्या सीटवर सर पाय लांब करून आडवे होते, आणि तो पाय मांडीवर घेऊन पंचफुलाबाई बसल्या होत्या. त्यांनी यायलाच पाहिजे असं कोणी म्हटलं नव्हतं. पण जावयाला आपल्या घरी लागलं आणि आपण घरी बसायचं, हे त्यांच्या जिवाला पटलं नाही. गाडीत चढताना त्यांनी दाराला धरून दोनदा दम घेतला. विजयानं ते पाहिलं.

दवाखान्यात दहाची तारीख होतीच. डॉक्टरांनी फाईल उघडली, तिच्यावरचं नाव वाचलं, टेबलावर झोपलेल्या सरांकडे पाहिलं, मग पुन्हा नाव वाचलं. गुडघा दाबून पाहिला तेव्हा सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाहेर बसलेल्या लोकांनी उठून ऐकला. "स्नायू फाटलाय," डॉक्टर म्हणाले. "सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. शाळा नाही, जिना नाही, कुठं जाणं नाही. नुसतं पडून राहायचं."

सहा आठवडे. सरांनी डोळे मिटून घेतले. दुखत होतं, पण इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिकडे विजयानं काउंटरवर जाऊन, आईकडे पाठ करून, हळूच चौथी तारीख मागितली होती. त्या गोड आवाजाच्या मुलीला दोन वर्षांत पहिल्यांदाच या घरातलं कोणीतरी खरोखर आलेलं दिसलं, म्हणून तिनं ती दिलीही.

"आणि आजी, तुम्ही कोण यांच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

पंचफुलाबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पदरानं जावयाच्या कपाळावरचा घाम टिपला आणि आवाज खाली आणला, पण सरांना सगळं ऐकू येत होतं.

"जवाई हाये माया," त्या म्हणाल्या. "लय भला मानूस. पन भित्रा हाये जी. दोन वर्सांपासून गुडघा याचा दुखून राहिला असन, आन् तारखा माया नावानं घेऊन राहिला होता."